‘नको’चं बटण

अनिकाची डेंटिस्टकडे अपॉइंटमेंट होती, म्हणून ऋता त्या दिवशी तिला न्यायला शाळेत लवकर गेली. एरवी ती ऑफिसच्या पुढे कधी जात नसे. तिथे सही करायची, बाकावर बसायचं आणि आतून कुणीतरी अनिकाला घेऊन यायचं, अशी पद्धत होती. पण त्या दिवशी ऑफिसातली बाई फोनवर अडकली होती. तिने ऋताच्या हातात व्हिजिटरचा स्टिकर दिला आणि ‘जा तुम्हीच’ अशी खूण केली.

विशेष मुलांच्या त्या वर्गाचं दार उघडंच होतं. आत मुलं अर्धगोल करून बसली होती आणि त्यांच्या टीचर, मिसेस हॉलब्रुक, एकेक रंगीत कार्ड वर धरत होत्या. लाल. निळा. पिवळा. अनिका कडेच्या खुर्चीत होती. नऊ वर्षांची मुलगी. घरी नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरचा बारीक अक्षरांतला मजकूरसुद्धा वाचून काढणारी. तिच्या नाकापुढे पिवळं कार्ड नाचत होतं आणि ती स्वतःचं मनगट तोंडात धरून चावत होती.

तिचा टॅबलेट कुठेच दिसेना. मग ऋताला तो दिसला. भिंतीजवळच्या उंच कपाटावर, टिश्यूच्या खोक्यांशेजारी, त्याच्या जांभळ्या कव्हरमध्ये.

अनिकाला तोंडाने बोलता येत नाही. तिला ऐकू येतं, कळतं, वाचता येतं. शब्द मात्र ओठांपर्यंत पोचत नाहीत. टॅबलेटवर चित्रांची आणि शब्दांची बटणं आहेत, ती दाबली की टॅबलेट बोलतो. अगदी लहानपणापासून ती असंच बोलते. घरात सगळे त्याला ‘टॉकर’ म्हणतात. बटणं पुरली नाहीत तर ती एकेक अक्षर टाइप करते, सावकाश, एका बोटाने.

“तिचा टॉकर वर का ठेवलाय?” ऋताने दारातूनच विचारलं.

मिसेस हॉलब्रुक दचकल्या, पण लगेच हसल्या. “अरे, मॉम आली! काही नाही, आज आम्ही टॉकरपासून जरा ब्रेक घेतलाय. तिला तो नीट वापरायला जमत नव्हतं.”

“म्हणजे काय?”

“सारखं तेच ते दाबत होती. बाकीच्या मुलांना त्रास होतो ना.”

ऋता आत गेली. टाचा उंचावून तिने टॅबलेट खाली काढला आणि अनिकाच्या हातात दिला. अनिकाने तो आधी छातीशी धरला, मग एक बटण दाबलं. वर्गात एका म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज घुमला: “घरी चल!”

गाडीत बसल्यावर ऋताने डेंटिस्टला फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली. मग मागे वळून विचारलं, “अनिका, टॉकर वर कधी ठेवतात? आजच ठेवला का?”

अनिकाने बोट फिरवलं. टॅबलेट त्याच्या सपाट इंग्रजी आवाजात म्हणाला, “एव्हरी डे.”

बाहेर बॉथेल गावातला तो नेहमीचा झिमझिम पाऊस चालू होता. ऋता स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. गेले दोन महिने शाळेतून ईमेल येत होते. अनिका स्वतःला चावते. वागणूक बिघडली आहे. घरी काही ताण आहे का? ऋताने आणि तिच्या नवऱ्याने, विवेकने, प्रत्येक ईमेलला अदबीने उत्तर दिलं होतं. चघळायला रबराचा पट्टा आणून दिला होता. तिची झोप, खाणं, सगळं तपासून पाहिलं होतं. आणि तिकडे शाळेने पोरीचं बोलणंच उचलून कपाटावर ठेवलं होतं.

ऋताचे वडील, दिगंबरराव, तेव्हा त्यांच्याकडे आलेले होते. आयुष्यभर कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. फलाटावरच्या गलक्यात गाड्या पुकारून पुकारून त्यांचा आवाज कायमचाच मोठा झाला होता. अनिका त्यांची फार लाडकी, आणि ते तिचे आबा. ती लहान असताना एका थेरपिस्टने सांगितलं होतं, घरात एकच भाषा बोला, नाहीतर मुलीचा गोंधळ होईल. तज्ज्ञांचा शब्द म्हणून ऋता-विवेकने तिच्याशी मराठी बोलणं बंद केलं. मग आबा पहिल्यांदा आले आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून फक्त मराठीच लावली. “माझं इंग्लिश ऐकून तिचा जास्त गोंधळ होईल,” असं त्यांचं म्हणणं. महिनाभरात अनिका त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसायला लागली, सांगितलेलं काम करायला लागली. तेव्हा ऋताने टॉकरमध्ये मराठीचं वेगळं पान केलं. त्यात मराठी बोलणारा आवाज नव्हता, म्हणून आबांनाच बसवून शब्द रेकॉर्ड केले. पाणी. भूक. आणखी. पुरे. नको. घरी चल.

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. ते डायनिंग टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

“म्हणजे शाळेत तिला दिवसभर मुकं करून ठेवतात?”

“हो बाबा.”

“आणि चावते म्हणून तक्रार पण तेच करतात?”

दिगंबरराव शेंगा तशाच टाकून उठले आणि सिंकपाशी हात धुवायला गेले.

संध्याकाळी विवेक आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, “चूक आहे. शंभर टक्के चूक आहे. पण जरा शांतपणे घेऊ या. आपण एक पोलाइट ईमेल लिहू.”

“पोलाइट?”

“ऋता, तिला रोज तिथेच जायचंय यार. शाळेशी वाकडं घेतलं तर दिवसभर ती त्यांच्या ताब्यात असते. आपण काय दारात उभे राहणार आहोत?”

“तुझ्या मीटिंगमध्ये कुणी तुझा माइक रोज म्यूट केला तर तू पोलाइट ईमेल लिहिशील?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? तू मोठा आहेस म्हणून?”

त्याची भीती खोटी नव्हती, हे ऋतालाही कळत होतं. म्हणूनच तिला अधिक राग आला. शाळेची भीती वाटते आणि म्हणून आईबाप गप्प बसतात, हे त्या लोकांना ठाऊक असतं असं तिला वाटलं. तिने ईमेल लिहिला, पण पोलाइट नव्हे. मीटिंग हवी आहे आणि मीटिंगला अनिकाही असेल, एवढंच त्यात होतं. प्रिन्सिपलचं उत्तर आलं की अशा मीटिंगला सहसा मुलं नसतात. ऋताने लिहिलं, ही मुलगी असेल.

मीटिंग शाळेच्या लायब्ररीत होती. प्रिन्सिपल मिस्टर ड्युरंट, मिसेस हॉलब्रुक आणि आठवड्यातून एकदा येणारी, केली नावाची स्पीच थेरपिस्ट, असे तिघे एका बाजूला. समोर ऋता, विवेक, दिगंबरराव, आणि मध्ये टॉकर मांडीवर घेतलेली अनिका.

सुरुवातीला मिस्टर ड्युरंट यांनी अनिका किती गोड मुलगी आहे आणि शाळेचं तिच्यावर किती प्रेम आहे ते सांगितलं. मग मिसेस हॉलब्रुक बोलू लागल्या. त्यांचा स्वर मऊ होता, लहान मुलांशी बोलता बोलता तसाच झालेला.

“वर्षाच्या सुरुवातीला अनिका प्रत्येक गोष्टीला ‘नो’ म्हणायची. रंगांची कार्डं, नो. गाणं, नो. गोलात बसून गप्पा मारायचा सर्कल टाइम, नो. म्हणून आम्ही काही दिवस ते बटण लपवलं. तिच्या बोलण्यात जरा सकारात्मक शब्द यावेत म्हणून.”

“तुम्ही ‘नो’ लपवलं,” ऋता म्हणाली.

“तात्पुरतं.”

“आणि मग?”

“मग तिला कुठूनतरी एक आवाज सापडला. पुरुषाचा, खूप मोठा. तोच सारखा वाजवायची. ना-को, ना-को, ना-को. त्याला काही अर्थ नव्हता, नुसती आवाजाची गंमत. बाकीची मुलं दचकायची. म्हणून मग आम्ही टॉकरला ब्रेक द्यायला लागलो.”

दिगंबरराव पुढे वाकले. इतका वेळ त्यांना अर्धंमुर्धंच कळत होतं. “ऋता, ही बाई ‘नको’ म्हणतीये ना?”

“हो बाबा. तुमचं ‘नको’.”

“मग अर्थ नाही असं का म्हणतीये?”

ऋताने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

“तो शब्द आहे,” ती म्हणाली. “आमच्या भाषेतला. त्याचा अर्थ ‘नो’. तुम्ही तिचा इंग्रजी शब्द काढून घेतलात, म्हणून ती मराठी घेऊन आली. जे तुम्ही तिला करू देत नव्हता, ते तिने दुसऱ्या भाषेत केलं. यासाठी दुसऱ्या एखाद्या वर्गात मुलाचं कौतुक झालं असतं. तुम्ही तिचा टॉकर उचलून कपाटावर ठेवला.”

मिसेस हॉलब्रुक यांचा चेहरा लाल झाला. “आम्हाला कळायला काही मार्गच नव्हता.”

“फोन होता. मी रोज फोन उचलते.”

“आमचा हेतू...”

“तिला नवव्या वर्षी लाल-पिवळी कार्डं दाखवता. ती नाही म्हणते. बरोबरच आहे, मीही नाही म्हटलं असतं. त्याच्यात दुरुस्त करायचं काय होतं?”

थेरपिस्ट केली मान खाली घालून पुटपुटली, “मी दर आठवड्याला ते बटण परत आणून ठेवायचे.”

“आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा नसायचं. मला का नाही सांगितलंस?”

केलीचं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. तिची कीव यायला हवी असं ऋताला वाटलं, पण आली नाही.

तेवढ्यात विवेक मध्ये पडला. “हे बघा, आम्ही समजू शकतो. भाषेमुळे गैरसमज झाला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. आपण सगळे एकाच टीममध्ये...”

ऋता त्याच्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, “विवेक, तू आत्ता गप्प बसला नाहीस तर मी तुला कधी माफ करणार नाही.”

आणि त्याच वेळी मधल्या खुर्चीतून आबांचा आवाज आला. “नको!”

अनिकाने बटण दाबलं होतं. ती बापाकडे बघत होती. तिने पुन्हा दाबलं. “नको!”

विवेकचं तोंड उघडंच राहिलं. कुणी थोबाडीत मारल्यासारखा तो लेकीकडे बघत राहिला. मग मिस्टर ड्युरंट यांनी पेन उचललं. “बरं, तर आता पुढचं बघू या...”

“थांबा,” ऋता म्हणाली. “ती बोलतेय.”

अनिकाचं बोट अक्षरांवरून फिरत होतं. एक अक्षर, मग शोध, मग दुसरं. मिस्टर ड्युरंट यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ऋताची नजर आपल्यावर आहे हे दिसताच हात टेबलाखाली घेतला. मिसेस हॉलब्रुक यांनी बोटं एकमेकांत गुंतवली होती. वाट बघणं त्यांना अवघड जात होतं. ही वाट त्या रोज बघत असत्या तर इतकी अवघड गेली नसती.

शेवटी टॅबलेट बोलला.

“शी हाइड नो. आय फाइंड नो. शी टेक ऑल.”

बोट पुन्हा खाली गेलं. आणखी थोडा वेळ.

“देन आय बाइट.”

मिस्टर ड्युरंट ऋताकडे बघून म्हणाले, “आम्ही ऐकतोय. अनिकाला काय म्हणायचंय ते आम्हाला पोचलं.”

“माझ्याकडे बघून कशाला सांगता? बोलली ती. तिच्याकडे बघा.”

ते वळले आणि तेच वाक्य अनिकाकडे बघून म्हणाले. या वेळी वाक्य जरा अडखळलं.

त्यानंतर बोलला तो विवेक. त्याचा आवाज बसल्यासारखा झाला होता, पण त्यातलं गोड बोलणं गेलं होतं. टॉकर दिवसभर तिच्या हाताशी राहील. त्यातला एकही शब्द घरी विचारल्याशिवाय कुणी लपवणार नाही. वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो कसा वापरायचा याचं ट्रेनिंग मिळेल. आणि तिसरीच्या नेहमीच्या वर्गात तिला कधी बसवणार, ते सांगा. “हे सगळं लेखी हवंय,” तो म्हणाला. “आज. आम्ही बसलोय इथे.”

लेखी मिळालं, पण त्यात माफी नव्हती. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल शाळेला खेद वाटतो,’ असं एक वाक्य होतं. ऋताने ते इतक्यांदा वाचलं की तिला ते पाठ झालं. गैरसोय! बस चुकली की गैरसोय होते. कुणाची कुणामुळे गैरसोय झाली, त्याचाही वाक्यात पत्ता नव्हता. तिला ते कागद फाडावेसे वाटले. विवेकने ते तिच्या हातातून काढून घेतले. “हे लागतील आपल्याला,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “तिने मला नको म्हटलं ना, ते डोक्यातून जातच नाही.”

“जाऊही देऊ नकोस,” ऋता म्हणाली.

टॉकर हातात राहू लागला तसं चावणं थांबत गेलं. कुणी उपचार केले नव्हते. शाळेच्या पुढच्या रिपोर्टमध्ये ‘वागणुकीत लक्षणीय सुधारणा’ असं आलं, तेव्हा ऋता इतक्या जोरात ओरडली की दिगंबरराव बाथरूममधून धावत बाहेर आले. सुधारणा कुणाच्या वागणुकीत?

तिसरीच्या वर्गासाठी आणखी भांडावं लागलं. जागा नाही, मदतनीस नाही, मुलगी गोंगाट सहन करू शकणार नाही, रोज नवं कारण. विवेक आता ईमेल लिहायचा आणि ऋताला दाखवायचाही नाही. तिने एकदा चोरून वाचला, तर त्यात ‘प्लीज’ कुठे नव्हतं. ख्रिसमसच्या सुट्टीनंतर अर्धा दिवस म्हणून परवानगी मिळाली.

तिथले टीचर मिस्टर ओर्टिझ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ऋताला फोन केला. उद्या वर्गात काय विचारणार ते मी आदल्या दिवशी पाठवीन, म्हणजे तिला उत्तरं टॉकरमध्ये आधी तयार करता येतील, चालेल का, असं विचारलं. फोन ठेवल्यावर ऋता बेसिनशी उभी राहून रडली, आणि रडता रडता पुन्हा चिडली. इतकं सोपं होतं. एक ईमेल आणि जरा दम धरणं. इतक्या साध्या गोष्टीसाठी तिच्या मुलीने मनगट फोडून घेतलं होतं.

सगळंच सुरळीत झालं नाही. अनिकाला गोंगाटाचा त्रास व्हायचा, हेडफोन लावून बसावं लागायचं. काही दिवस ती वर्गातून उठून जायची. पण वर्गातली मुलं हळूहळू थांबायला शिकली. आणि एक दिवस मिस्टर ओर्टिझचा निरोप आला की अनिकाने गणिताच्या तासाला एका मुलाला ‘शट अप’ म्हटल्यामुळे दोघांचीही मधल्या सुट्टीतली खेळायची वेळ गेली. टॉकर अर्थातच तिच्याकडेच होता, हेही त्यांनी लिहिलं होतं. अनिका संध्याकाळभर धुमसत होती. तो मुलगा आधी बोलला, मला का शिक्षा, हे तिने वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप करून सगळ्यांना ऐकवलं. दिगंबररावांनी तिची बाजू घेतली. ऋता हसू दाबत म्हणाली, “शट अप म्हणायचं नाही, हा नियम सगळ्यांना आहे.”

मार्चमध्ये दिगंबरराव परत निघाले. जायच्या आदल्या दिवशी अनिकाने त्यांना टॉकरपाशी नेऊन बसवलं. तिला नवे शब्द हवे होते. ऋताने ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ सुचवलं, तर तिने मान हलवली. मग तिने टाइप केलं, “अँग्री वर्ड्स.” म्हातारबुवा खूश झाले. त्यांनी एकामागून एक शब्द पुकारले: थांब. मी सांगते. माझं आहे ते. हात लावू नकोस. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

एप्रिलमध्ये एकदा शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये मिसेस हॉलब्रुक भेटल्या. त्या अजूनही त्याच वर्गाला शिकवत होत्या. त्यांना कुणी जाब विचारला नव्हता. हातातल्या पिशव्या गाडीच्या टपावर ठेवून त्या पुढे आल्या आणि अनिकासमोर वाकल्या.

“हाय स्वीटी! मला तुझी किती आठवण येते माहितीये? नव्या वर्गात मजा येते ना?”

त्यांनी अनिकाच्या केसांवरून हात फिरवला. अनिकाने टॉकर वर घेतला. मिसेस हॉलब्रुक हसत हसत सरळ झाल्या, “सो गुड टु सी यू,” म्हणाल्या आणि पिशव्या उचलून गाडीत बसल्या. अनिकाचं बोट तेव्हा कुठे पहिल्या अक्षरावर टेकलं होतं.

गाडी निघून गेली तरी ती टाइप करत राहिली. ऋता तिच्याजवळ उभी राहिली. ओल्या डांबरावर स्कूलबसचे दिवे चमकत होते.

“शी नॉट से सॉरी,” टॅबलेट म्हणाला.

“नाही,” ऋता म्हणाली. “म्हणाली नाही.”

“व्हाय?”

ऋताला खूप उत्तरं सुचली. त्यातलं एकही नऊ वर्षांच्या मुलीला सांगावं असं नव्हतं. “मला माहीत नाही, बाळा. मला तिचा अजून राग येतो.”

अनिकाने आईकडे पाहिलं. “मी टू.”

“उद्या सकाळी तिच्या वर्गात जाऊ या? तुला काय सांगायचंय ते सांग. मी दारात उभी राहते, ती पूर्ण ऐकेपर्यंत तिला हलू देत नाही.”

अनिकाने टाइप केलं, “आय राइट टुनाइट. लाँग.”

“कितीही लाँग चालेल,” ऋता म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.